निरोगी सात

शिकलेला माणूस भीत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! त्यांना आफरा हळदेच्या शेजारी दोन दिवस बसवायला हवं. पेशींवर संशोधन करून नावापुढे डॉक्टर लागलेली, परिषदेत उभं राहून मोठमोठ्यांच्या प्रश्नांना फटाफट उत्तरं देणारी ही बाई एका वाक्याला भ्यायली. एक आठवडा नाही, एक महिना नाही. वाक्य फार तर बारा शब्दांचं असेल. ते वेळेवर तोंडातून निघालं असतं तर काय काय टळलं असतं, याचा विचार तिची आजही पाठ सोडत नाही.

आफरा दिघीची. वडील अलीमियाँ मालवाहू लाँचवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. गुडघे गेल्यापासून धक्क्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सल्ले देतात. आई रेहाना. धाकटा भाऊ तौहीद जहाजावर इंजिनखात्यात, पाच-सहा महिने समुद्रात आणि मग महिना-दीड महिना घरी. खाडीपलीकडे आगरदांड्याला अलीमियाँची एकुलती एक बहीण, म्हणजे आफराची फुफू, आणि त्या फुफूची मुलगी काशिफा, बालवाडीची शिक्षिका. दोन घरांमध्ये फेरीबोटीचं पाणी तेवढं, बाकी अंतर नाहीच. इकडे बोंबील जास्त आले की तिकडे जायचे, तिकडे नारळ उतरले की इकडे यायचे. तौहीद आणि काशिफाचं ठरलं तेव्हा कुणाला फारसं काही ठरवावंच लागलं नाही. घरातली मुलगी घरात राहणार. घाटावर मामाची मुलगी करतात, इथे आत्याची, एवढंच.

आफरा पनवेलच्या पुढे एका संशोधन संस्थेत काम करते. गावाला वाटतं ती हाडांची डॉक्टर. सुट्टीत घरी आली की मोहल्ल्यातले अर्धे गुडघे तिच्या ओटीवर येऊन बसतात. तिनं समजवायचं सोडून दिलंय. पण एकदा अब्बांना मात्र तिनं नीट सांगितलं होतं. हाड म्हणजे दगड नव्हे अब्बा, ते जिवंत असतं. त्यात गवंडी असतात, तसे पाडकाम करणारेही असतात. जुनं खायचं, नवं बांधायचं, हे जन्माच्या आधीपासून मरेपर्यंत चालू. बांधणाऱ्या पेशी एका मूळपेशीतून येतात, खाणाऱ्या पेशी रक्ताच्या मूळपेशीतून. माझं काम या खाणाऱ्यांवर.

‘‘आन् ते संपावर गेले तर?’’ अलीमियाँनी विचारलं. माणूस चौथी शिकलेला, पण प्रश्न नेमका.

ते संपावर गेले तर काय होतं, ते आफरानं डोळ्यांनी पाहिलं होतं. हाड नुसतं भरत जातं. दगडासारखं घट्ट होतं आणि तरीही काडीसारखं मोडतं. आतली, रक्त तयार व्हायची पोकळी बुजते. कवटीत डोळ्यांच्या नसांची वाट आवळत जाते. पालीकडच्या एका शेतकरी घरातली आरोही अशी होती, सात महिन्यांची. तिची आई सुचिता दर खेपेला विचारायची, ‘‘ताई, बघते ना हो ही माझ्याकडं?’’ पोरगी आवाजाच्या दिशेनं मान वळवायची, तेवढंच. निरोगी माणसाच्या रक्तातल्या मूळपेशी दिल्या तर ही मुलं वाचू शकतात. त्यातून खाणाऱ्या पेशी तयार होतात आणि हाडं पुन्हा कामाला लागतात. पण दाता जुळावा लागतो आणि वेळेत जुळावा लागतो. आरोहीसाठी शोधाशोध होईपर्यंत गणपती आले. गौरी गेल्या त्या दिवशी आरोही गेली. सुचिता आणि तिचा नवरा नात्यातले नव्हते, बरं का. ही खोट कुणाच्याही घरात दडलेली असते. नात्यात दोन्हीकडून तीच यायची शक्यता जास्त, एवढंच.

आता आफराची चूक ऐका. ही चूक प्रयोगशाळेतलीच माणसं करू जाणतात.

आजारी मुलांच्या पेशी कशा वागतात ते कळायला निरोगी माणसांच्या पेशी शेजारी ठेवून बघाव्या लागतात. म्हशीच्या हाडाची नखाएवढी चकती घ्यायची, तिच्यावर पेशी सोडायच्या आणि दोन आठवड्यांनी त्यांनी किती खड्डे खणले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. निरोगी रक्त कुठून आणायचं? तर आपलंच. बाही वर करायची आणि दंड पुढे करायचा, हा सगळ्या प्रयोगशाळांचा रिवाज. संस्थेतले सगळे दंड वापरून झाले तेव्हा आफरा बकरी ईदला थर्मोकोलचा डबा घेऊनच घरी आली. ईदच्या आठवड्यातच तौहीदचा निकाह होता, दोन्ही घरं एकत्र जमलेली. इतके निरोगी लोक एका ओटीवर परत कुठे मिळणार!

तिनं संमतीपत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. तुमचं नाव कुणाला कळणार नाही. निकाल तुम्हाला कळवला जाणार नाही.

‘‘निकाल कसला गो आपा?’’ काशिफा हसली. ‘‘आमी काय धाव्वीला बसलोय?’’

अलीमियाँनी मासळीचा बर्फ आणायचा हट्ट धरला, रक्त गोठेल म्हणून आफरानं तो मोडून काढला. नऊ जणांनी हसत-खिदळत रक्त दिलं. नळ्यांवर नावं घालायची नसतात, आकडे घालायचे असतात, आणि ते आकडे तिसऱ्याच माणसानं घालायचे असतात, म्हणजे कुठला आकडा कुणाचा ते संशोधकाला कळत नाही. पण तिथे तिसरा माणूस कुठला? आफरानंच घातले. निरोगी एक अब्बा, निरोगी दोन अम्मी, निरोगी चार तौहीद, निरोगी सात काशिफा. एकदा लिहिलेलं विसरता येत नाही, हीच पंचाईत.

दोन दिवसांनी निकाह झाला. पण जहाजाचं बोलावणं आलं होतं, म्हणून रुखसती डिसेंबरावर टाकली. तौहीद परतला की काशिफा सासरी यायची. तोवर ती आगरदांड्याला, आपल्या आईकडे.

सप्टेंबरात, आरोही जाऊन जेमतेम आठ दिवस झाले असतील, निरोगी रक्तांची जनुकतपासणी आफराच्या पडद्यावर आली. ती चहा पीत बघत होती. निरोगी चारमध्ये एक खूण लाल दिसली. आरोहीचं जे जनुक बिघडलं होतं, त्याच जनुकाची एक प्रत बिघडलेली. एक प्रत बिघडली तर माणसाला काही होत नाही, दुसरी काम निभावते. तिला वाईट वाटलं, पण ती घाबरली नाही. मग तिनं यादी खाली सरकवली. निरोगी सात. तीच खूण, त्याच जागी.

दोघांची एकेक प्रत बिघडलेली असली की त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या मिळायची शक्यता चारांत एक. तिनं तपासणी पुन्हा लावली. तेच. तिसऱ्यांदा लावली. तेच. आणि डोळ्यांसमोर आवाजाकडे मान वळवणारी आरोही, फक्त आता तिच्या चेहऱ्याला काशिफाची जिवणी होती.

रुखसतीला तीन महिने होते. सांगायला तीन महिने म्हणजे पुष्कळ वेळ. आणि हातपाय गाळायचं कारणच नव्हतं. आधी कळलं तर वाटा होत्या. गर्भ आधी तपासून निरोगी तोच ठेवता येतो. काही नाही तर दात्याचा शोध तरी आधी सुरू करता येतो. हे सगळं आफराला पाठ होतं. मग बोलायचं ना?

तिच्या मार्गदर्शक मृणाली मॅडमकडे ती गेली. नावं न घेता म्हणाली, निरोगी नमुन्यांत असं असं निघालंय. मॅडमनी चष्मा काढला. त्यांना काय कळायचं ते कळलं.

‘‘निकाल सांगायची आपल्याला परवानगी नाही. संस्थेच्या नीती समितीला लिहू, पण समिती म्हणजे किती महिने ते तुला माहिती आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण हे बघ, घरात एवढं तर कुणीही म्हणू शकतं की बाबांनो, नात्यातलं लग्न आहे, मूल होऊ देण्याआधी दोघांनी एकदा रक्त तपासून घ्या. त्यात नियम मोडत नाही. आजच फोन कर.’’

दार उघडं होतं म्हणायचं. आफरानं त्या दिवशी फोन उचलला, अम्मीचा आवाज ऐकला, ‘‘जेवलीस काय?’’ आणि ‘‘जेवले’’ म्हणून ठेवून दिला.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते असं. तिच्यामागे एक नव्हे, चार लागले. पहिला म्हणायचा, निकाह झालाय, आता बोललीस तर तलाकाची गोष्ट निघेल, आणि त्यात पोरगीच बदनाम होते. दुसरा म्हणायचा, खोट कुणाच्या खानदानात यावरून अब्बा आणि फुफू एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. तिसरा फार नीच होता. तो म्हणायचा, तू एकतीस वर्षांची, बिनलग्नाची. लोक म्हणतील भावाचं सुख हिला बघवलं नाही. आणि चौथा सगळ्यांत गोड बोलायचा. तो म्हणायचा, चारांत तीन वेळा काहीच होत नाही, मग झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्या बाईनं असल्या टक्केवारीवर प्रबंध लिहिलाय तिनं त्या चौथ्याचं ऐकावं! कळतं पण वळत नाही, दुसरं काय.

ऑक्टोबर असाच गेला. झोपेत ती चकत्यांवरचे खड्डे मोजायची आणि एकही खड्डा सापडायचा नाही.

नोव्हेंबरात तिनं मनाचा हिय्या केला. रविवारी सकाळी दिघीहून फेरीबोट धरली, सांगायचंच ठरवून. बोटीवर ती वाक्य घोळवत होती: काशिफा, तू आणि तौहीद, दोघांनी एक रक्ततपासणी करून घ्या. साधं वाक्य. तपासणी कसली विचारलं तर पुढचं बोलू. आगरदांड्याचा धक्का आला तेव्हा ती सगळ्यांच्या मागून उतरली.

काशिफा दारातच होती. ‘‘आपा, ये गो, तुझीच वाट बगत व्हते!’’ हाताला धरून आत नेलं आणि पलंगावर कपडे पसरले. एक मोरपंखी, एक डाळिंबी. ‘‘रुखसतीला कुठला?’’

आफरानं दोन्हींकडे बघितलं. वाक्य जिभेवर आलं होतं, अगदी टोकावर.

‘‘मोरपंखी,’’ ती म्हणाली. ‘‘तुला खुलेल.’’

जेवून ती परतली. बोटीवर रेलिंगला धरून तिनं स्वतःला काय काय शिव्या दिल्या ते इथे सांगण्यासारखं नाही.

डिसेंबरात तौहीद आला, मोरपंखी कपड्यांत काशिफा खाडी ओलांडून आली, वलीमा झाला, मोहल्ला जेवला. आफरानं वाढायला मदत केली. जानेवारीअखेर तौहीद परत जहाजावर गेला. फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी प्रयोगशाळेत फोन वाजला. काशिफाच होती, हसू दाबत.

‘‘आपा, आता तुला फुफू म्हणायला कोणतरी येतंय.’’

आफरानं ‘मुबारक’ म्हटलं. फोन ठेवला. हातमोजे काढले आणि स्वच्छतागृहात जाऊन ओकली.

दुसऱ्या दिवशी ती दिघीला होती. अब्बा धक्क्यावर, अम्मी शेजारच्या घरी गेलेली. काशिफा परसात तांदूळ निवडत बसली होती; मासळीच्या वासानं मळमळतं म्हणून सासूनं तिला स्वयंपाकघरातून हाकललं होतं. आफरा समोर बसली आणि या वेळी थांबली नाही. थांबली असती तर परत राहिलं असतं. रक्त दिलं तेव्हापासून आरोहीपर्यंत सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं.

काशिफाचे हात तांदळात तसेच राहिले.

‘‘चारांत एक?’’

‘‘हो.’’

‘‘तुला कदी कळलं?’’

‘‘सप्टेंबरात.’’

काशिफा हळूच म्हणाली, ‘‘नोव्हेंबरात तू घरी आलीस. मी तुला कपडे दाखवले.’’

‘‘हो.’’

‘‘तवा तुला माहीत व्हतं.’’

‘‘हो.’’

‘‘मग माज्याकडं बगत काय व्हतीस गो तू?’’

आफराला इतकी लाज वाटली की तिला रडूसुद्धा येईना. काशिफानं सूप बाजूला ठेवलं, उठली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले, पण आवाज बालवाडीतल्या बाईचा, शिस्तीतला. ‘‘आता काय तपासता येतं ते सांग.’’

अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा काढून तपासता येतो. मुंबईच्या एका रुग्णालयात ते केलं. घरात फक्त रेहानाला सांगितलं. ती तसबीहची माळ घेऊन कोपऱ्यात बसली. जहाजावरून तौहीदचा फोन लागायचा तो काशिफालाच; तिनं त्याला सगळं सांगितलं होतं. आफरानं एकदा मागितला तर पलीकडून फोन बंद झाला. आठ वर्षांचा असताना अंधारात तिचं बोट सोडायचा नाही, तो हा भाऊ.

निकालाला दोन आठवडे म्हणाले होते. रमजान चालू होता. आफरा सुट्टी काढून घरीच राहिली. लांब राहून वाट बघणं तिला झेपलं नसतं. घरात मात्र तिच्याशी सगळे नीट बोलत होते, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. काशिफा विचारायची, ‘‘आपा, पहाटे सहेरीला उठवू ना?’’ आणि आफराचा जीव टांगणीला लागलेला, की ही कधीतरी ओरडणार. ती ओरडली नाही. पोटुशी म्हणून तिला रोजे माफ होते, तरी सगळ्यांसोबत उठून बसायची.

चोविसाव्या रोजाला, असरच्या नमाजेच्या सुमाराला, ऊन कलताना काशिफाचा मोबाइल वाजला. अहवाल आला होता. आफरानं हात पुढे केला.

‘‘मला वाचता येतं,’’ काशिफा म्हणाली आणि मोबाइल घेऊन परसात गेली.

दहा मिनिटांनी परत आली. चेहऱ्यावर काही नाही. ‘‘काय आलं?’’ आफरानं विचारलं तर म्हणाली, ‘‘इफ्तारीची तयारी करू या, वेळ व्हतोय.’’ आणि तिनं दस्तरखान अंथरला. कलिंगडाच्या फोडी केल्या, भजी तळली, खजूर बशीत काढले. आफरा तिच्या हातांकडे बघत राहिली. हात थरथरतायत का? नाहीत. मग बरंच असणार. का म्हणून बरं असणार? बरं असतं तर सांगितलं नसतं का? अजान झाली. अलीमियाँनी कलिंगड फिक्कं निघालं म्हणून फळवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. काशिफा हसली, ‘‘मामू, साखर लावून देऊ काय?’’ तिचं हसणं ऐकून आफरानं हातातला दुसरा खजूर परत बशीत ठेवला. समोरच्या माणसाला माहीत आहे आणि तो आपल्याला वाढतोय, हे असं असतं होय! मगरिबची नमाज तिनं कशी पढली ते तिलाच आठवत नाही.

नमाजेनंतर काशिफानं तिला परसात बोलावलं. हातात बालवाडीची हजेरीची कोरी वही होती आणि पेन.

‘‘बाळाला दोन्हीकडनं आलीय,’’ ती म्हणाली.

आफरा खाली बसली. ‘‘काशिफा...’’

‘‘थांब. मला बोलू दे. मी आता दोन तास गप्प राहिले. मुद्दाम राहिले. मला बगायचं व्हतं, माणसाला ते जमतं कसं. जमतं गो. मामूंना वाढता येतं, हसता पन येतं. आतनं मरायला व्हतं, पन जमतं.’’ तिनं डोळे पुसले. ‘‘म्हनून मी तुला माफ केलं असं समजू नको. तुजं कळलं मला, येवडंच. हे पोर मी ठेवनार हाय. तौहीदशी माजं आदीच बोलनं झालंय. त्यावर कुनी मला काय विचारायचं न्हाय.’’

‘‘नाही विचारणार.’’

‘‘आता सांग. जल्माला आल्यावर किती दिवस असतात आपल्याकडं? डोळे जायच्या आदी?’’

चुकीचं सांगून भागणार नव्हतं आणि गोड सांगायची सोय तिनं स्वतःच घालवली होती.

‘‘प्रत्येकाचं वेगळं असतं. पण तीन महिने धरून चाल. त्याच्या आत दाता सापडून मूळपेशी द्यायला हव्यात. गेलेली नजर परत येत नाही.’’

‘‘तीन म्हैने,’’ काशिफा म्हणाली. ‘‘आन् तू साडेपाच घालवलेस.’’

काशिफानं वही तिच्या मांडीवर ठेवली, पेन हातात दिलं.

‘‘लिही. दाता कुठं शोधायचा, कुनाकुनाचं रक्त जुळवायचं, कुठल्या रुग्णालयात नाव घालायचं. आजपासनं लिही. आन् भ्यालीस म्हनून काय गाळू नको.’’

आफरा लिहायला लागली.